आत्याच्या माहेरचा पूल

मंडळी, आज उजनी धरणाच्या पाण्यावरच्या नव्या पुलावरून पहिल्यांदाच गाडी नेली. शेजारी आत्या होती. तिचं सासर पलीकडच्या काठाला, माहेर म्हणजे आमचं गाव अलीकडे.

मी सहज म्हणालो, "होडीची मजा गेली की गं आत्या."

"मजा तुला रं. तुजी आजी गेली तवा लई वारं सुटलेलं, होडी बंद. मी काठावर हुबी. आईचं तोंड बघाय मिळालं न्हाय, सरणाचा धूर तेवढा दिसला."

 होडीचे जुने फोटो आज इथे टाकणार होतो, ते राहूनच गेलं.

तुमच्याही होडीच्या आठवणी सांगा. पण ज्या दिवशी होडी सुटली नाही, त्या दिवशी काठावर कोण उभं होतं, हे आधी घरात विचाराल का?