बोरीच्या बदल्यात निलगिरी

आमच्या फाटकाजवळ निलगिरीचं झाड आहे. तीन वर्षांत ते गच्चीच्या वर गेलं. कोणी विचारलं की मी सांगतो, कमी पाण्यावर येणारी जात आहे, नर्सरीवाल्यानं खात्रीनं दिली. ते खरंच आहे. पण मी ते का लावलं, हे बायकोलाही कधी नीट सांगितलं नाही. आता सांगायला बसलोय, तर माझं मलाच धड उलगडत नाही.

मी मूळचा कोकणातला. चाकणला एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. जवळच्या गावात दीड गुंठा जागा घेतली, ती एका म्हातारीकडून. ती शेजारीच राहते. मी तिला मावशी म्हणतो. जागेच्या तोंडाशीच बोरीचं एक झाड होतं. व्यवहार झाला त्या दिवशी मावशी एवढंच म्हणाली, "भाऊ, तेवढी बोर ऱ्हाऊ द्या. लई ग्वाड हाय." मी मान डोलावली.

घर बांधत आलं तेव्हा लक्षात आलं, बोर आहे तोवर गाडी आत वळणार नाही. ऐन उन्हाळा होता. मावशी महिनाभर देहूला लेकीकडे गेली होती. शोषखड्डा खणायला जेसीबी आला होता, त्याच्या ड्रायव्हरला मी बोरीकडे बोट दाखवलं. दोन मिनिटांत झाड मुळासकट बाहेर. तेव्हा बोरीवर एकही पान नव्हतं, नुसते काटे. हे मुद्दाम लिहितोय, कारण माझा पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

मावशी परत आली आणि फाटकाशी थबकली. तिनं काही विचारायच्या आतच मी बोललो, "मावशी, बोर वाळली हो. पाणी पुरलं नाही. मग काढून टाकली." दुसऱ्या दिवशी मी नर्सरीत गेलो. पाणी कमी म्हणून झाड वाळलं असं सांगून बसलो होतो, तेव्हा आता पाण्याविना जगणारंच झाड लावायला हवं होतं. "निलगिरी न्या," नर्सरीवाला म्हणाला. "पहिलं वर्ष थोडं पाणी घाला, मग विसरून जा." बोरीच्या जागेपासून दोन हात बाजूला, भिंतीला लागून मी ती लावली.

विसरायला मावशीनं दिलं नाही. ती रोज सकाळी कळशी घेऊन यायची आणि निलगिरीच्या बुंध्याशी ओतायची. "मावशी, कशाला त्रास घेता?" असं विचारलं, तर म्हणाली, "आमच्या जमिनीतच खोट हाय, भाऊ. बोरीसारखं झाड खाल्लं तिनं. आशी जमीन तुमच्या गळ्यात मारली, मनाला लई खातंया."

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोललो. बायको म्हणायची, "सावली नाही, फळ नाही. काय बघून लावलंत हे?" मी म्हणायचो, "सर्दीला बरं."

मग एकदा कंपनीत डबा खाताना मी सहज बोरीचा विषय काढला. सोबत जेवणारा एक जण बीडचा होता. तो हसून लोटपोट. "बोर पाण्यावाचून वाळली? काय राव! आमच्याकडं विहिरी वाळतात, माणसं वाळतात, बोर नाही वाळत."

"अहो, पान नव्हतं एक."

"उन्हाळ्यात बोर पानं झाडतीच की! कोकणी माणूस तुम्ही, तुम्हाला काय कळतंय."

मग मावशीचा जन्म शेतात गेलेला, तिला हे माहीत नव्हतं? माहीत असेल, तर ती रोज पाणी कशाला घालत होती? आणि मी? बोट दाखवताना माझ्या डोक्यात गाडी होती, एवढं नक्की. पण त्या उघड्या फांद्यांकडे बघून 'मेलंय तसंही' असं पुटपुटल्यासारखंही आठवतं. ते तेव्हाच पुटपुटलो, की मागाहून आठवणीत घातलं, सांगता येत नाही.

यंदा पावसाळ्यात मावशीच्या लेकीनं तिला आंब्याचं कलम आणून दिलं. दिवाळी झाली तरी ते काळ्या पिशवीतच, मोरीजवळ. मुळं पिशवी फाडून बाहेर आली होती. एका सकाळी ती निलगिरीला पाणी ओतत होती तेव्हा मी म्हटलं, "मावशी, कलम लावून टाका ना."

"जितं बोर टिकली न्हाई तितं आंबा काय टिकतोय? उगा जीव घ्यायचा त्याचा."

मग मला राहवलं नाही. "मावशी, बोर वाळली नव्हती. मी जेसीबीनं उपटली. गाडी वळत नव्हती म्हणून."

तिनं कळशी पूर्ण रिकामी केली. सरळ झाली. "पानं व्हती का तिला?"

"नव्हती."

"मंग? उन्हाळ्यात बोर तशीच दिसती. तुमी कोकणातली मानसं, तुमाला वाळल्यागत वाटली आसंल. व्हय ना?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मी म्हणालो, "हो."

"म्हंजी जमिनीत खोट न्हाई?"

"नाही, मावशी. अजिबात नाही."

"आवं, मंग आदी न्हाई का बोलायचं!"

त्याच दुपारी तिच्या अंगणात खड्डा खणला. कुदळ मीच चालवली, आंबा तिनं लावला. दुसऱ्या दिवशी ती परत कळशी घेऊन निलगिरीपाशी आली. मी म्हटलं, "हिला नको. ही कमी पाण्यावरच येते."

"आँ? आन् तीन वर्सं गुमान बगत व्हता व्हय?" ती मोठ्यानं हसली आणि कळशी तशीच आंब्याकडे घेऊन गेली.

मी तिथंच उभा राहिलो. मी तिला खरं सांगितलं होतं, आणि लगेच तिनं पुढं केलेल्या सबबीला 'हो'ही म्हणालो होतो. त्यातलं तिनं कुठलं धरलं, हे विचारायला अजून मी तिच्या अंगणात गेलेलो नाही. कामावरून आलो की गाडी बोर होती त्या जागेवरून सहज आत वळते.