दोन मामा आणि दाराचा पत्रा

माझ्या थोरल्या मामांना पोलादाच्या मिलमध्ये सगळे 'थांबा' म्हणतात, आणि बरोबरच म्हणतात. त्यांच्या भागात डोंगरात खनिज आहे, कोळसा जवळ आहे, म्हणून तिकडे खनिज वितळवून पोलाद करतात. जाड लाद्या ओतायच्या, गार होऊ द्यायच्या, कुठे तडा गेलाय का बघायचं, मग भट्टीत पुन्हा लालभडक करून लाटायच्या, तेव्हा कुठे पत्रा निघतो. मामांचा जन्म त्या भट्टीपुढे गेला आणि स्वभावही तसाच झाला. राग आला की ते तो आधी गार होऊ देतात, सगळीकडून तपासतात आणि आठवड्याने पुन्हा तापवतात. चहाचंही तेच.

धाकटे मामा लग्नानंतर बायकोच्या गावच्या मिलमध्ये लागले, अगदी दुसऱ्या टोकाला. तिकडे खनिज नाही की कोळसा नाही. वीज भरपूर आणि भंगाराचे ढीग. ते भंगार विजेच्या भट्टीत वितळवतात, पातळ लादी ओततात आणि ती लाल असतानाच लाटून मोकळे होतात. धाकटे मामाही तसेच. जे काही बोलायचं ते लगेच आणि तोंडावर.

आता यात भांडण्यासारखं काय आहे, मला तर आजवर कळलेलं नाही. पण आजोबा गेले त्या वर्षी जेवता जेवता थोरले म्हणाले, तुमचा पत्रा म्हणजे मागच्या जन्मीची कुणाची तरी बादली. धाकटे म्हणाले, आंघोळीचं पाणी तापवायचं, गार करायचं आणि पुन्हा तापवायचं, याला तुम्ही अक्कल म्हणता. एवढ्यावरून दोघेही भरल्या ताटावरून उठले. त्यानंतर दोन्ही भाऊ पुन्हा एका छपराखाली आले नाहीत. एक येणार म्हटलं की दुसऱ्याला हमखास काम निघायचं. आईला ते आतून खात होतं.

आणि मग आमच्या दाराला वाळवी लागली. ते काढून टाकावं लागलं. आई फोनवर दोघांनाही सहज बोलली की आता लोखंडी दारच करून घेते. झालं. दोन दिवसांत थोरले टेम्पोत पत्रा घालून हजर, संध्याकाळी धाकटे आपला पत्रा घेऊन हजर. बहिणीच्या दाराला दुसऱ्याचा पत्रा लागला तर या घरात पाय ठेवणार नाही, असं दोघांनीही बजावलं. वेल्डर माप घेऊन ओसरीवर बसला. त्याने दोन्ही पत्रे वाजवून पाहिले आणि मला तर दोन्ही सारखेच वाटतात, म्हणाला. त्यावर ते दोघे मिळून त्याच्या अंगावर गेले. इतक्या वर्षांत त्यांचं एकमत झालं ते हेच.

दार काही बसेना. शेजारणीच्या कोंबड्या न्हाणीघरापर्यंत फिरू लागल्या. साबण विकणारा एक माणूस थेट स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसला आणि पाणी मागू लागला. मी वैतागले. आईसुद्धा चिडली; मला दार हवंय, पोलाद नको, असं तिने दोघांना सुनावलं. मामांनी त्यातून एवढंच घेतलं की घराला राखण हवी. थोरल्यांनी नोकरीत कधी नव्हे ती रजा टाकली, धाकट्यांनी वाढवून घेतली. चौकटीत दोन खुर्च्या मांडून दोघे बसू लागले. आत येणाऱ्याने आधी खनिज बरं की भंगार बरं ते ऐकायचं. विजेचं मीटर बघायला आलेला माणूस दोन्ही भट्ट्या समजून घेऊन गेला आणि मीटर बघायचं विसरला.

रात्री मात्र दोघे एका पंगतीला जेवत. भांडत, पण जेवत. थोरल्यांना दात दुखतो म्हणून धाकटे त्यांच्या ताटातलं कडक बाजूला काढत आणि वर टोमणा मारत, घ्या, तुमच्या पोलादासारखं मऊ झालं.

शेवटी वेल्डरनेच डोकं चालवलं. एक झडप या पत्र्याची, एक त्या पत्र्याची, असं दार करून तो एका सकाळी घेऊन आला. काम झकास होतं. वर रंग एकच, त्यामुळे कुठली झडप कुणाची ते त्याचं त्यालाही सांगता येईना. मामा दोघेही कोपऱ्यावर दाढी करायला गेले होते. मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि खुर्च्या उचलायला लागले.

आईने माझा हात धरला. तिने दारावरून एकदा हात फिरवला, चांगलं झालंय म्हणाली, आणि वेल्डरला हळूच सांगितलं, "हे परत घेऊन जा. माप चुकलंय म्हणून सांग त्यांना."

मी म्हटलं, "अगं आई, कुणीही घरात शिरतंय आपल्या."

"शिरू दे," आई म्हणाली. "दार बसलं की हे दोघे जातील गं."

कोपऱ्यावरून भांडणाचा आवाज जवळ येऊ लागला होता. वेल्डरने दोन्ही झडपा टेम्पोत चढवल्या, आणि मी खुर्च्या होत्या तिथे पुन्हा मांडल्या.