अकरा ते बारा : बाजरी निवडणे

हेलनबाईंची आणि माझी पहिली भेट म्हणजे पोलिसांची धाडच. राहुरीबाहेरच्या वृद्धाश्रमात मी मामांना सोडायला गेलो होतो. मामा गाडीतून उतरायच्या आत बाई शिट्टी फुंकत आल्या, माझं मनगट धरलं, मला म्हाताऱ्यांच्या गोलात बसवलं आणि हातात फुगा दिला.

"घाबरू नका आजोबा, पहिल्या दिवशी सगळेच घाबरतात."

माझं वय बावन्न. कलप लावून आठवडाही झाला नव्हता. सुटका होईपर्यंत मी तीनदा फुगा झेलला आणि शाळेत दहा वर्षांत न मिळालेली शाबासकी मिळवली. मामा गाडीत बसून हसत होते.

बाईंनी नगरला तीस वर्षं बालवाडी चालवली होती. निवृत्तीनंतर इथल्या नोकरीवर आल्या त्या फळा घेऊनच. दहा ते अकरा फुगे, चार ते पाच गाणी. प्रार्थनेचं गीत असो की भारूड, सगळं एकाच चालीत, कारण बाईंना चाल एकच येत होती.

या तासांना फक्त आक्काबाई यायच्या नाहीत. वय ब्याऐंशी, तोंड भिंतीकडे, दोन महिन्यांत शब्द नाही. जेवणही सुटत चाललेलं. बाईंनी फुगा दिला, रंग दिले, आणि शेवटी एक दिवस पाखडायचं सूप आणि पायलीभर बाजरी पुढे ठेवली.

आक्काबाई वळल्या. "कुनी घेतली ही? डोळे फुटले हुते का त्याचे?" म्हणाल्या आणि निवडायला बसल्या.

फळ्यावर नवी ओळ आली. आक्काबाई बोलू लागल्या, दोन वेळा जेवू लागल्या. निवडलेली बाजरी पिशवीत भरायच्या. "माझा सुनील येईल राहात्याहून, त्याला न्यायला. त्याची बायको लई घाईची, खडे दिसत न्हाईत तिला."

सुनील येत नव्हता आणि बाजरी तेवढीच होती. मग रोज दुपारी आक्काबाईंचा डोळा लागला की बाई काढलेले खडे पिशवीत परत मिसळायच्या.

"उद्याचा तास नको का?" मामांना भेटायला गेलो तेव्हा मला म्हणाल्या. मी त्यांना भेसळखोर म्हणू लागलो. त्या खूश व्हायच्या.

एका रविवारी गाण्याच्या तासाला सुनील आला. माणूस वाईट नव्हता, पेढे घेऊन आला होता. बाई चाल सोडून धावल्या, पण आक्काबाईंनी पिशवी त्याच्या हातात दिलीसुद्धा. त्याने मूठभर बाजरी बाहेर काढली.

"आई, नुसते खडे हायेत यात. दिसत न्हाई का तुला आता?"

आक्काबाईंनी त्याच्या तळहातावरची बाजरी अंगठ्याने चाचपली.

"आक्का, मी मिसळले ते," बाई म्हणाल्या. "रोज मिसळते. तुम्ही स्वच्छ निवडली होती."

आक्काबाईंनी त्यांचा हात थोपटला. "असू द्या बाई. माझ्यासाठी कशाला खोटं बोलता. डोळे गेले माझे."

सूप पुन्हा त्यांनी हातात घेतलं नाही. महिनाभर बाई रोज अकराला त्यांच्या शेजारी बसून स्वतः बाजरी निवडत होत्या, मुद्दाम खडे ठेवून, निदान चूक काढायला तरी त्या वळतील म्हणून. मीही एकदा बसलो. मला त्या दिवशी बाईंना भेसळखोर म्हणवलं नाही.

आक्काबाई पोळ्याच्या आधी गेल्या. हेलनबाई नोकरी सोडून नगरला परतल्या. अकरा ते बारा आता टीव्ही असतो.