गाढवाच्या शिळेवरचं व्याख्यान

नागावजवळच्या एका गावात मी मास्तर होतो. इंग्रजी अमलातले दिवस. जुन्या दगडाच्या नशिबी तेव्हा एकतर शेंदूर, नाहीतर धुणं. विहिरीजवळच्या आडव्या शिळेला धुणं मिळालं होतं. तिच्यावर वरती चंद्रसूर्य, मध्ये लेख आणि खाली एक बाई आणि गाढव, असं जरा अवघड चित्र होतं. अक्षरांवर लुगडी छान घासली जातात, असं बायका सांगत. ऐकून माझा जीव तळमळे.

लेखाचा ठसा घ्यायला मुंबईहून एक विद्वान यायचे ठरले. तोवर अक्षरं उरायला हवीत, म्हणून शिळा शाळेच्या ओट्यावर हलवायची मी ठरवली. गावाला तिची किंमत कळावी यासाठी मारुतीच्या देवळात व्याख्यान ठेवलं. राजा, त्याने दिलेलं जमिनीचं दान, लिपी असं बोलत गेलो आणि लोक जांभया देत गेले. शेवटी कुणीतरी विचारलं, गाढव कशाला? पुढेच माझी आई बसलेली. मी चाचरत सांगितलं, की हे दान जो मोडील त्याच्या आईची अब्रू ते गाढव घेईल, असा हा शाप आहे. सभा खडबडून जागी झाली. मला असा चेव आला की शाप मी आणखी दोनदा रंगवून सांगितला.

दुसऱ्या दिवशी शिळेवर एकही लुगडं नव्हतं. मी हुरळून गेलो आणि दोर घेऊन गडी बोलवायला निघालो. एकही येईना. शाप जमिनीबद्दल आहे, दगड हलवण्याबद्दल नाही, हे सांगून घसा कोरडा पडला.

"मास्तर, माझी आय जिती हाय," एकजण म्हणाला. "मी न्हाय हात लावनार."

आई वारलेल्या एकाकडे मी आशेने पाहिलं. मेलेल्या आईलाही अब्रू असते, असं त्याने सुनावलं. चिडून मी स्वतःच पहार उचलली, तोच आई विहिरीवर हजर.

"पहार खाली ठेव. या वयात मला गाढव नको."

मी ठेवली. दुसरं काय करणार? विद्वान आले, विहिरीपाशी उकिडवे बसून त्यांनी ठसा घेतला. अक्षरं शाबूत होती. जुनी वस्तू जागेवरून हलवली की तिचा निम्मा इतिहास जातो, म्हणाले, आणि शिळा जागीच ठेवल्याबद्दल माझी पाठ थोपटली. ही बुद्धी कुणाची, असंही विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत आई पुढे झाली.

"माझी," ती म्हणाली. "अब्रू माझी होती."