नानांच्या रिव्हॉल्व्हरची भीती

माझ्या काकांना आम्ही सगळे नाना म्हणायचो. ते गेले तेव्हा मी जळगावला वसतिगृहात होते. धाकट्या बहिणीचा, गुड्डीचा, फोन आला. "ताई, नाना गयात," एवढंच बोलून ती रडायला लागली. माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "कपाट बंद शे ना?" नानांना झोपेतच हृदयविकाराचा झटका आला होता. तरी चोपड्याच्या बसमध्ये मला सारखा गोळीचा आवाज ऐकू येत होता... जो कुणीच ऐकला नव्हता.

त्या कपाटात नानांचं रिव्हॉल्व्हर होतं. आमचं घर सातपुड्याच्या पायथ्याशी, केळीच्या मळ्यात. विहिरीवरची मोटार चोरायला आलेल्यांनी नानांना मारहाण केली, तेव्हा त्यांनी परवाना काढला आणि दुकानातलं सगळ्यात स्वस्त रिव्हॉल्व्हर घेतलं. त्याचा चाप इतका जड की दाबताना नळी खाली झुकायची. मग धुळ्याच्या दुकानात नेऊन सागवानी मूठ बसवली, चाप हलका करून घेतला. तिथल्या नेमबाजीच्या रेंजवर सरावाला गेले तेव्हा मलाही नेलं. पहिल्या गोळीलाच मी कान दाबून खाली बसले. नाना गोळ्या झाडत राहिले. निशाण्याचा कागद शेवटपर्यंत कोराच राहिला. घरी काकू, म्हणजे आमची अक्का, शांतपणे म्हणाली, "त्या चोरले सांगा, जरा जवळ ये." सगळे हसले, नानाही. मला मात्र ते नंतर हळूच म्हणाले, "पहिले वाटे, हाई चालाव नही. आते वाटस, आपोआप चाली जाई."

त्यानंतरच्या दसऱ्याला पाटावर विळे, कुऱ्हाड, ट्रॅक्टरची किल्ली मांडली होती. नानांनी रिव्हॉल्व्हरही ठेवलं. गुड्डी त्यावर झेंडूचं फूल वाहायला वाकली आणि नळी नेमकी तिच्या छातीसमोर आली. काय वाटलं कोण जाणे, नानांनी तिचा हात धरला, रिव्हॉल्व्हर उचलून उघडलं. गोळ्या काढून ठेवताना एक आतच राहून गेली होती. ती काढून ते भिंतीला टेकून बसले. त्या वर्षी आमच्याकडे कुणी सोनं वाटलं नाही.

तेव्हापासून त्यांनी एक रीत लावली. कपाट उघडलं की ते रिव्हॉल्व्हरच्या प्रत्येक भोकात बोट घालून पाहायचे आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी हाक मारायचे. "मी देखं, आते तू देख." दुसरा "रिकामं शे" म्हणेपर्यंत ते जागचे हलत नसत.

त्यांचे दिवस झाल्यावर रिव्हॉल्व्हर पोलीस ठाण्यात जमा करायचं ठरलं. अक्का त्या खोलीत पाऊल टाकेना. मीच कपाट उघडलं, बोट घालून पाहिलं. रिकामं होतं. पण माझा माझ्यावर विश्वास बसेना... ठाण्यातल्या हवालदारांनी ते न उघडताच टेबलावर ठेवलं, तेव्हा मी भीत भीत म्हणाले, "साहेब, मी पाहिलंय, आता तुम्ही पाहा." ते हसले, पण त्यांनी पाहिलं.

आता ते कपाट रिकामं आहे. हे अक्कालाही माहीत आहे. तरी मी सुट्टीत घरी असले की दिवेलागणीला ती कपाटाचं दार उघडते, आतल्या फळीवरून हात फिरवते आणि मला हाक मारते.

"मी देखं, आते तू देख."

मी उठते. माझाही हात फळीच्या शेवटच्या कोपऱ्यापर्यंत जातो.

"रिकामं शे, अक्का."

मग ती कपाटाला कुलूप लावते.