शंभर दासींची चौकशी

माझ्या चुलतसासऱ्यांइतकी हळू पोथी वाचणारा माणूस अख्ख्या मध्यप्रांतात दुसरा झाला नसेल. लोक पोथी लावतात आणि आठवड्यात, फार तर महिन्यात उरकतात. आमच्याकडे एका वर्षी कार्तिकात लावलेली पोथी होळीची लाकडं गोळा व्हायला लागली तेव्हा संपली. वाचता येत नव्हतं अशातला भाग नाही. आवाज असा खणखणीत की जबलपूरच्या गोरखपूर मोहल्ल्यातल्या, आमच्या गल्लीतल्या हिंदी बोलणाऱ्या बायकासुद्धा, अर्थ अर्धाच कळत असून, येऊन बसायच्या. अडचण वेगळी होती. त्यांची सारी नोकरी जबलपूरच्या कचेरीत, जुन्या कागदांच्या खोलीत गेली होती. तिथं कागदावर माणूस आला की त्याचं नाव, बापाचं नाव, गाव आणि वय, या चार गोष्टी पाहिजेतच. एक जरी नसली तरी कागद पुढे जायचा नाही. त्यावर ‘चौकशी बाकी’ अशी चिठ्ठी लावून तो बाजूला ठेवायचा. पेन्शन झाली, कचेरी सुटली, चिठ्ठ्या काही सुटल्या नाहीत. पोथीत कोणी ऋषी आला आणि त्याचा बाप सांगितलेला नसला की वाचन थांबायचं, कानावरची पेन्सिल निघायची आणि चिठ्ठी पानात जायची. अशानं ती पोथी इतकी फुगली होती की तिच्या कापडात मावत नसे. शेवटी माझ्या जुन्या लुगड्याचा काठ फाडून मी तिला बांधायला दिला.

घरातही तेच. लोणच्याच्या बरणीवर चिठ्ठी: ‘आंबे कोणाकडचे? चौकशी बाकी.’ दूधवाल्याला म्हशीचं वय विचारत, आणि त्यानं अंदाजे सांगितलं तर म्हशीकडे संशयानं बघत. मी लग्न होऊन आले तेव्हा दुसऱ्याच दिवशी मामंजींनी, म्हणजे याच चुलतसासऱ्यांनी, मला समोर बसवलं. बापाचं नाव झालं, गाव झालं. मग वय. मी म्हटलं, “चौदा नाहीतर पंधरा.”

“चौदा की पंधरा?”

“मला काय माहीत मामंजी? मी तेव्हा लहान होते.”

घरातल्या बायकांनी तोंडाला पदर लावला. ते मात्र पोट धरून हसले आणि माझ्यावर चिठ्ठी न लावता मला पास केलं. मी चौथी शिकलेली, म्हणून पोथीची पानं उलटण्याचं काम मला दिलं. ते मी पुढे वीस वर्षं केलं.

बायकोचं नाव नवऱ्यानं घ्यायचं नाही, अशी ती रीत. पण पंगतीत उखाण्यात घ्यायला हरकत नसते, आणि तेवढी सवलत माझे चुलतसासरे पुरेपूर वापरायचे. त्यांचे उखाणे म्हणजे जेवणातल्या फर्माइशीच. “रेवाचं नाव घेतो, पोळी गरम वाढा.” “रेवाचं नाव घेतो, कढीत मीठ कमी आहे.” यमक नाही, काही नाही. बायका म्हणायच्या, हा काही उखाणा झाला नाही, पुन्हा घ्या. ते लगेच पुन्हा घ्यायचे. त्यासाठीच यमक सोडत असावेत, असं मला वाटतं. माझी चुलतसासू पदराआड हसायची. ती गेली तेव्हापासून पंगतीत कोणी त्यांना उखाणा विचारला नाही, आणि ते नाव आमच्या घरात पुन्हा ऐकू आलं नाही. आम्ही सुना तर ते घेऊच शकत नव्हतो. सासूचं नाव सुनेच्या तोंडून निघणं म्हणजे वडीलमाणसाला पाय लावण्यासारखं.

त्या पंगतींना पाणी वाढायची ती बारकी. बारकी म्हणजे साठीची बाई, केस पांढरे, हाताची कातडी सुकलेल्या कारल्यासारखी. पण नाव बारकी. चुलतसासूचे वडील बरगीकडचे मालगुजार, म्हणजे गावाचे जमीनदार. त्यांनी मुलीच्या लग्नात भांडी, गाय आणि सोबतीला एक ढीमराची पोर पाठवली होती. ती हीच. ढीमर म्हणजे पाणी भरणारे, मासे धरणारे लोक; त्यांच्या हातचं पाणी सगळ्यांना चालतं, म्हणून अशी पोर पाठवायची चाल होती. चुलतसासू घरची झाली, गाय म्हातारी होऊन मेली, आणि बारकी पाणी भरत राहिली. तिला कोणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. आम्ही सगळे म्हणायचो, ती घरचीच आहे. कोणाच्या घरची, हे कोणी विचारलं नव्हतं.

तर त्या वर्षी थोरल्या जाऊबाईंच्या कुसुमचं लग्न नागपूरला ठरलं होतं, मार्गशीर्षात. कार्तिकात पोथी लागली. पोथी अर्धी असताना दारात मांडव घालायचा नाही, असा आमच्या घरचा नेम; त्यामुळे जाऊबाईंचा सारा जीव पोथीत. भक्तीनं नव्हे, घाईनं. दुपारी त्या पहिल्या येऊन बसायच्या आणि मी पान उलटायला उशीर केला तर माझ्याकडे डोळे वटारायच्या.

बरं चाललं होतं. अर्ध्याच्या वर पोथी झाली आणि एक राजा आला. त्यानं यज्ञ केला आणि एका ब्राह्मणाला शंभर गाई दिल्या, सोनं दिलं, शंभर दासी दिल्या. मी पान उलटायला हात घातला, तर मामंजींनी माझ्या हातावर हात ठेवला.

“थांब. शंभर दासी. नावं?”

जाऊबाईंनी कपाळाला हात लावला. “मामंजी, शंभर जणींची नावं पोथीत कशी मावतील?”

“पुढच्या अध्यायात राजाच्या घोड्यांची नावं आहेत. ती मावली.” त्यांनी चष्मा काढला. “कुठल्या गावच्या? कोणाच्या पोरी? त्या ब्राह्मणाचं घर केवढं? तिथं पोचल्या त्या रात्री जेवल्या कुठं? आणि धर्मात्मा म्हणून सांगितलेला हा राजा. त्यानं विचारलं का कोणाला, की बाई, जाते का?”

त्या दिवशी पोथी तिथंच राहिली. दुसऱ्या दिवशीही तिथंच. तिसऱ्या दिवशी जाऊबाईंनी पुराणिकबुवांना बोलावून आणलं. बुवा चांगले जाडजूड, आवाज लोण्यासारखा. म्हणाले, “बाबासाहेब, हे शब्दशः घ्यायचं नसतं. शंभर दासी म्हणजे मनाच्या शंभर वासना. राजानं त्या सोडल्या, असा त्यातला गूढार्थ.”

“अच्छा. मग शंभर गाई म्हणजे?”

“गाई म्हणजे... गाई.”

“म्हणजे गाई खऱ्या, आणि बायका तेवढ्या खोट्या?”

बुवांनी पाणी मागितलं. बारकीनं आणून दिलं. ते पिऊन बुवा म्हणाले, काळच तसा होता, दासीसुद्धा सुखात असायच्या. मामंजी म्हणाले, “असतील. एकीची तरी जबानी आहे का?” बुवा दक्षिणा न घेता गेले, ही आमच्या गल्लीत मोठी गोष्ट झाली.

मला मामंजींचा राग आला नाही, पण हसूही आलं नाही. कारण त्याच सकाळी जाऊबाई माझ्यापाशी कुसुमच्या सोबत काय काय द्यायचं ते मोजत होत्या: तांब्याचा हंडा, दोन गाद्या, पाट, बारकी. “नागपूरला पाण्याचे हाल आहेत म्हणे. बारकी गेली तर पोरीला आधार. आणि इथं आता तिचं काय अडून राहिलं आहे?” हे त्या स्वयंपाकघरात बोलल्या, आणि बारकी तिथंच भांडी विसळत होती. तिनं एक तांब्या दोनदा विसळला, एवढंच मी पाहिलं.

म्हणून बुवा गेल्यावर मी बोलले. मला गोड करून सांगता येत नाही. म्हटलं, “मामंजी, त्या शंभर मेल्या. त्यांची चौकशी करून काय होणार? तुमच्या घरात एक आहे, पुढच्या महिन्यात गाद्यांबरोबर नागपूरला चालली आहे. तिचं नाव तरी तुम्हाला माहीत आहे काय?”

“बारकी,” ते म्हणाले. आणि म्हणता म्हणताच थांबले. चाळीस वर्षं कचेरीत काढलेल्या माणसाला कळायला वेळ लागला नाही. बारकी हे काही आईबापानं ठेवलेलं नाव नव्हे.

ते उठले आणि पेन्सिल घेऊन स्वयंपाकघरात गेले. तिथं ते जन्मात गेले नव्हते. चूल कुठं आहे ते पाहून दचकले. बारकी उभी राहिली. मग ते खाली पाटावर बसले आणि तिलाही बस म्हणाले. ती बसली नाही.

“बापाचं नाव?”

“मंगल.”

“गाव?”

“बरगीच्या अलीकडे. घाटावरचं. काहून विचारून राहिले मालक? काही चोरी झाली का?”

“नाही, नाही. तुझं नाव?”

बारकीनं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, “ते मी कशी सांगू? ते बाईसाहेबांना दिलं.”

हळूहळू सगळं निघालं. तिचं नाव रेवा. नर्मदेकाठच्या पोरीचं साधं नाव. लग्नात नवरीचं नाव बदलायचं, तर मामंजींच्या आईला तेच नाव आवडलं. एका घरात दोन रेवा कशा चालतील? म्हणून लहान ती बारकी झाली. तांदळाच्या ताटात अंगठीनं ते नाव मामंजींनी स्वतः लिहिलं होतं, आणि ही दहा वर्षांची पोर बाजूला पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती.

“राग नाही जी मला,” बारकी म्हणाली. “बाईसाहेब चांगल्या होत्या. फक्त पंगतीत तुम्ही नाव घ्यायचे ना, तेव्हा मी वर पाहायची. आदत. पाणी सांडायचं.”

मामंजींनी चिठ्ठी न लिहिताच बाजूला ठेवली. मग त्यांनी विचारलं, “कुसुमबरोबर नागपूरला जातेस का?”

“मला विचारून राहिले?”

“हो.”

“मग थांबा. विचार करते.”

आणि तिनं दोन दिवस विचार केला! ओसरीवर खांबाला टेकून, पाय पसरून, सुपारी चघळत. पोथी बंद, मांडव बंद. जाऊबाई येता-जाता विचारायच्या, “झाला का विचार?” ती म्हणायची, “चालू आहे.” जबलपुरात तेव्हा कमिशनरसाहेबांच्या हुकुमाची कोणी इतकी वाट पाहिली नसेल. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, “न विचारता पाठवलं असतं, तर गेले असते. कुसुम गुणी पोर आहे. पण आता विचारलं, तर नाही जात. गावाला जाऊन येते.”

मामंजींनी बैलगाडी सांगितली, तिला आपल्या शेजारी बसवलं आणि बरगीच्या वाटेला लागले. चार दिवसांनी दोघं परत आले. गावात मंगलला ओळखणारं कोणी उरलं नव्हतं. एका म्हाताऱ्यानं म्हणे, “हां, उसकी एक लड़की थी,” एवढं सांगितलं. तेवढ्यावर ती खूश होती. थी म्हणाला ना, बस.

परत आल्यावर मात्र ती बारकी म्हटलं की ओ देईना. आणि रेवा म्हणायची आमची कोणाची छाती नव्हती, सासूचं नाव! जाऊबाईंनी दोन दिवस स्वतः पाणी भरलं. तिसऱ्या दिवशी कंबर धरून त्या विहिरीपाशी उभ्या राहिल्या आणि ओरडल्या, “अहो! ऐकलं का?” जसं नवऱ्याला म्हणावं तसं. ती म्हणाली, “आले.” पुढे आमच्या घरात मरेपर्यंत तिला सगळ्यांनी अहो म्हटलं. कारण आदर नव्हता, अडचण होती. पण अहो ते अहोच.

नाव घेऊ शकणारा एकच माणूस होता, आणि त्यालाही ते उखाण्याशिवाय जड होतं. पोथी होळीपर्यंत लांबली, आणि कुसुमचं लग्न मार्गशीर्षातून वैशाखावर गेलं. समाप्तीच्या पंगतीत ती पाणी वाढत त्यांच्यापर्यंत आली. त्यांनी फुलपात्रावर हात ठेवला. “रेवा,” म्हणाले. पुढे पोळी नाही, कढी नाही. “रेवा, तू जेवलीस का?”

तिनं वर पाहिलं. पाणी सांडलं नाही.

आता ते नाहीत, तीही नाही. दोघांत सहा महिन्यांचं अंतर. पोथी माझ्याकडे आहे, त्याच लुगड्याच्या काठात बांधलेली. चिठ्ठ्या मी काढल्या नाहीत. त्या राजाच्या पानात एक आहे, पेन्सिल पुसट झाली तरी वाचता येते: ‘रेवा, बाप मंगल, बरगीच्या अलीकडे, वय अंदाजे साठ. एक मिळाली. नव्व्याण्णव बाकी.’ अंदाजे लिहिलेलं दुसरं काही त्यांच्या हातचं मी पाहिलं नाही.

कार्तिकात मी वाचते तेव्हा त्या पानावर थांबते. माझ्या सुना घाई करतात. सासूचं नाव घेऊ नये हे मला माहीत आहे. तरी मी ती चिठ्ठी दर वर्षी मोठ्यानं वाचते, आणि मग पान उलटते.