आत्याचे निरोप येत राहिले

मुंबईच्या विमानतळावरून घरी येताना माझ्या आतेभावाने, निलेशदादाने, गाडी मध्येच हायवे सोडून लोणावळ्यात उतरवली. आमच्या वराळ्याला जायला तिथे शिरायची काही गरज नसते. म्हणाला, चहा घेऊ. वलवणच्या बाजूला एका टपरीवर बसलो. चहा आला, तो त्याने हातात धरला आणि प्यायलाच नाही. "मने, आई न्हाई आता," तो म्हणाला. मला आधी त्याचाच राग आला. ही काय थट्टा? विमानात बसण्यापूर्वी तर आत्याचा निरोप ऐकला होता मी, 'नीट ये गं बाई, सामान संभाळ' म्हणून. तो खाली बघत म्हणाला, "तू गेलीस ना, त्याच्या पुढच्याच आठवड्यात गेली ती." मी तर सगळा उन्हाळा जर्मनीत काढून येत होते. म्हणजे सगळा उन्हाळा...

सिंधूआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. आई माझ्या लहानपणीच गेली, तेव्हापासून आत्यानेच मला वाढवलं. निलेश तिचा मुलगा, पण घरात वट माझी. पुण्याला कॉलेजात मी जर्मन घेतलं, तेव्हा सुट्टीत घरी आले की तिच्या स्वयंपाकघरात मोठ्याने पाठ करत बसायची. ती भाकरी थापता थापता म्हणायची, "ही भाषा हाय का भांडण गं?" उन्हाळी वर्गासाठी माझी निवड झाली तेव्हा मात्र तिने आळीभर साखर वाटली. त्या चैत्रात ती वाळत चालली होती. विचारलं की म्हणायची, "ऊन बाधलंय." तिचं पोट आतून पोखरलं गेलंय, हे तिला, दादाला आणि माझ्या वडिलांना माहीत होतं. मला विमानात बसवून देईपर्यंत तिघांनी तोंड शिवून घेतलं होतं.

आत्याला फोनवर बोलणं कधी जमलंच नाही. घाई होते, सुचत नाही, म्हणायची. त्यापेक्षा फोन तोंडासमोर धरून बोललेलं पाठवून द्यायची, गावच्या लाउडस्पीकरवर बोलावं तसं. मी पुण्याला होते तेव्हाही असंच. आणि तिला उत्तराची गरज नसायची. 'जेवलीस का? जेवलीच असशील.' त्यामुळे नदीकाठच्या त्या छोट्या गावात वर्ग सुटल्यावर तिचा आवाज आला, की मला काही वेगळं वाटायचं नाही. 'तितं भात मिळतो का गं? थंडी वाजली तर कानाला बांध.' मीही तिला सगळं सांगायची. घरमालकीण बाई पाव किती पातळ कापते, व्याकरणाला मी कशी रडले, वर्गातली तुर्की मुलगी माझ्यासारखीच कशी हळदीचे डाग घेऊन फिरते. मी कुणाशी बोलत होते?

एकदा निरोप आला, 'आज आवणी उरकली बाई, कंबर मोडली पार.' मी चकित झाले, कारण त्याच दिवशी वडील म्हणाले होते, यंदा पावसाचा पत्ता नाही, भाताची रोपं पिवळी पडलीत, लावणी अडलीय. आत्याने आयुष्यभर शेती केली तसंच नक्षत्रांवर बोट ठेवून जाण्याआधी निरोप भरून ठेवले होते, दादा ते तिच्या फोनवरून एकेक पाठवत होता. यंदाचं नक्षत्र कोरडं जाईल हे तिला कुठून कळणार? मी दादाला विचारलं, तर म्हणाला, बोअरच्या पाण्यावर केली थोडी. मी मानलं. घरचं माणूस खोटं कशाला बोलेल, असं वाटायचे दिवस होते ते.

आता सगळं कळलंय. गावात निरोप फिरला होता, कुणी स्टेटस ठेवायचा नाही, फोटो टाकायचा नाही. आमच्याकडे कुणाच्या वाढदिवसालाही चौकात फ्लेक्स लागतो. आत्याच्या श्रद्धांजलीचा लागला नाही. दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. दादाने हात जोडून शेतीचं कबूल केलं, काही झालं नाही. मग माझे वडील पुढे झाले आणि म्हणाले, "आक्के, पोरीला कळू देणार न्हाई, शिकून येऊ दे तिला." कावळा लगेच शिवला, असं सगळे मला मोठ्या कौतुकाने सांगतात. म्हणजे तिची शेवटची इच्छा मला फसवायची होती, आणि ती गावाने एकमुखाने पुरी केली. त्या दिवशी मी समुद्रावर होते. पाण्यात पाय सोडून बसल्याचा फोटो मी तिला पाठवला होता.

"तू अर्ध्यात परत आली असतीस," दादा म्हणतो. आले असते! तो माझा हक्क होता. तिचे पाय चेपले असते, तोंडात पाणी घातलं असतं, भांडले असते. माझ्या भल्यासाठी केलं, हे मला समजतं. समजून राग कमी होत नाही. त्या उन्हाळ्यातली एकही गोष्ट आता मला नीट आठवता येत नाही, प्रत्येकीत हे शिरून बसलंय.

मागच्या रविवारी दादाला विचारलं, काही निरोप उरलेत का. एक उरला होता. परीक्षा पास झाल्याचं मी सगळ्यांआधी तिला कळवलं होतं आणि 'व्हय का! मला ठावंच व्हतं' असं उत्तरही आलं होतं. पण नापास झाले तर काय, म्हणून तिने दुसराही निरोप बोलून ठेवला होता. तो पाठवायची वेळ आली नाही. तिच्या स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून मी तो ऐकला. दम लागलेला, मध्ये मध्ये थांबत... 'रडू नगं. नापास झालीस तर झालीस. लोकांचं मनावर घ्यायचं न्हाई. तू सरळ घरला ये. मी हाय न्हवं हितं.'

मी हे ऐकेन तेव्हा आपण नसणार, हे बोलतानाच तिला पक्कं ठाऊक होतं. बाकीच्यांना मी कधीतरी माफ करीन, आवणीचं खोटंसुद्धा करीन. हे शेवटचं वाक्य माफ नाही करणार. रोज सकाळी चहा ठेवला की ते लावते, पुरतं ऐकते आणि तिला म्हणते, खोटारडी कुठली.